पत्रापासून पडद्यापर्यंत : दुरून केलेल्या मानसोपचाराची कहाणी

मागच्या पावसाळ्यात पनवेलमधील एका शाळेत 'मेंदू आणि स्मरणशक्ती' या विषयावर बोलण्यासाठी मी गेले होते. व्याख्यान संपल्यावर एक शिक्षक थांबून राहिले. त्यांच्या नववीच्या वर्गातला एक मुलगा काही महिन्यांपासून गप्प गप्प असे, रात्री झोपत नसे, परीक्षेच्या नुसत्या उल्लेखाने त्याचे हातपाय गार पडत. शिक्षकांनी आईवडिलांची समजूत घालून त्याला पनवेल शहरातील एका समुपदेशकाकडे पाठवले. मुलगा आईबरोबर दोनदा गेला, तिसऱ्यांदा गेला नाही. गाव प्रबळगडाच्या पायथ्याच्या बाजूचे. येण्याजाण्यात आईचा दिवस जाई आणि त्या दिवसाची मजुरीही बुडे. तेव्हा समुपदेशकांनी स्वतःहून सुचवले की, "पुढच्या भेटी आपण फोनवर करू." यावर वडील म्हणाले, "फोनवर बोलून कुणी बरं होतं का? गप्पा मारायला पैसे कशाला द्यायचे?"

"मॅडम, मी त्यांना काय सांगू?" शिक्षकांनी विचारले. "फोनवरचा उपचार खरा असतो, की नाइलाजाची सोय?"

माझे संशोधन मज्जापेशींवर आहे. मी मानसोपचारतज्ज्ञ नव्हे. त्यामुळे लगेच उत्तर न देता मी वाचायला वेळ मागून घेतला. वाचताना लक्षात आले की हा प्रश्न मोबाइलने निर्माण केलेला नाही. तो मानसोपचाराइतकाच जुना आहे. मानसोपचाराचे मुख्य साधन म्हणजे बोलणे, आणि बोलणे दूरवर नेण्याची साधने माणूस सतत शोधत आला आहे. यातले प्रत्येक साधन काही पोचवते आणि काही वाटेत सांडते. काय पोचते आणि काय सांडते, हे पाहिले की तुलना सोपी होते.

पत्र : पुढचा प्रश्न नसलेला संवाद

सुरुवात पत्रापासून करू. मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड याने १९०९ साली एका पाच वर्षांच्या मुलाची हकिकत प्रसिद्ध केली. मानसशास्त्राच्या इतिहासात हा मुलगा 'छोटा हान्स' या नावाने ओळखला जातो. त्याला घोड्यांची विलक्षण भीती वाटे. पण त्याच्यावरचे उपचार फ्रॉइडने समोर बसवून केले नाहीत. मुलाचे वडील त्याच्याशी बोलत, टिपणे काढून फ्रॉइडकडे पाठवीत आणि फ्रॉइड त्यांना मार्गदर्शन करी. या उपचारांच्या काळात फ्रॉइड त्या मुलाला एकदाच भेटला, ३० मार्च १९०८ रोजी. म्हणजे या शास्त्रातील एक अतिशय गाजलेला उपचार बव्हंशी दुरूनच झाला होता.

आपल्याकडे मनोविश्लेषण आले तेही टपालानेच. कलकत्त्याचे डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. बोस आणि फ्रॉइड यांचा पत्रव्यवहार कित्येक वर्षे चालला, परंतु दोघांची प्रत्यक्ष भेट कधीच झाली नाही.

मराठी वाचकाला मात्र या संदर्भात आठवतात ते रघुनाथ धोंडो कर्वे. कर्वे गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाच्या प्रचारापायी मुंबईच्या विल्सन कॉलेजातील नोकरी त्यांना सोडावी लागली. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले आणि जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढले. या मासिकात वाचकांच्या खाजगी प्रश्नांना उत्तरे दिली जात. शरीराविषयीची भीती, लैंगिक शंका, त्यातून आलेली अपराधी भावना या गोष्टी घरात किंवा ओळखीच्या डॉक्टरांसमोर बोलणे त्या काळी बहुतेकांना अशक्य होते. कागदावर मात्र त्या लिहिता येत, कारण वाचणारा दूर होता आणि लिहिणाऱ्याचा चेहरा त्याला दिसत नव्हता.

त्या उत्तरांची किंमत कर्व्यांनी कोर्टात मोजली. १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तो वाचकांच्या हस्तमैथुन, समलिंगी संबंध अशा विषयांवरील प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. लोक शंका विचारतात, तर त्यांना ज्ञानाच्या आधारे उत्तर देणे हा गुन्हा कसा, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. खटल्यात कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. मासिक बंद पडले नाही.

कर्व्यांचे हे काम मानसोपचार होते का? काटेकोरपणे पाहिले तर नाही. ते माहिती आणि सल्ला देत होते. परंतु ज्या माणसाची झोप एका चुकीच्या समजुतीने उडालेली असते, त्याला योग्य माहिती हाच अर्धा उपचार असतो. शिवाय छापील उत्तराचा उपयोग प्रश्न विचारण्याचे धाडस न झालेल्या इतर वाचकांनाही होई.

पत्राची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. पत्रात पुढचा प्रश्न विचारता येत नाही. समोर बसलेला माणूस "मला झोप येत नाही" म्हणाला, की उपचारक विचारतो, "केव्हापासून?" मग "त्या सुमारास घरात काही घडले होते का?" उत्तर देताना माणूस अडखळला, तर त्या अडखळण्यातूनही उपचारकाला काही कळते. मासिकातून उत्तर देणाऱ्याला हे काहीच मिळत नाही. पत्रात जेवढे लिहिले, तेवढ्यावरच त्याला भागवावे लागते.

दूरध्वनी : आवाज परत आला

१४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्व्यांचे निधन झाले आणि नोव्हेंबरच्या अंकानंतर 'समाजस्वास्थ्य' थांबले. योगायोग असा की त्याच नोव्हेंबरच्या २ तारखेला लंडनमध्ये चॅड व्हारा या धर्मगुरूने एक दूरध्वनी सेवा सुरू केली. जीव देण्याचा विचार मनात आलेल्या माणसाने तिथे फोन करावा, एवढाच तिचा हेतू होता. पुढे 'समॅरिटन्स' या नावाने ती प्रसिद्ध झाली. व्हाराच्या लवकरच लक्षात आले की आपल्या भेटीसाठी थांबलेल्या लोकांना तज्ज्ञ नसलेले स्वयंसेवक चहा देतात, त्यांचे ऐकून घेतात, आणि अनेकांना तेवढ्यानेच हलके वाटते. कामाची धुरा मग स्वयंसेवकांकडेच गेली.

भारतात चेन्नईची 'स्नेहा' ही संस्था १९८६ पासून अशा प्रकारचे काम करते. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने २०१२ साली 'आयकॉल' ही समुपदेशन सेवा सुरू केली. ती फोनबरोबरच ईमेलवरूनही चालते. ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या पुढाकाराने १९९० साली 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' ही संस्था उभी राहिली. तिनेही 'मैत्र' ही दूरध्वनी सेवा चालवली.

पत्राने गमावलेल्या दोन गोष्टी फोनने परत आणल्या : पुढचा प्रश्न आणि आवाज. आवाजाची थरथर, श्वास, मध्येच आलेला हुंदका हे सारे तारेतून जाते. चेहरा लपलेलाच राहतो, त्यामुळे पत्रातला आडोसाही टिकतो. एक गोष्ट मात्र फोनवर अवघड होते, ती म्हणजे शांतता. समोरासमोर बसल्यावर रुग्ण मिनिटभर गप्प राहिला तरी उपचारकाला दिसते की तो विचार करतो आहे, रडतो आहे की कंटाळला आहे. फोनवर गप्प राहिले की पहिली शंका येते, "लाइन कट झाली का?"

पडदा : चेहरा परत आला

चेहरा दुरून दाखवण्याचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात झाला. तेथील मनोविकारतज्ज्ञ सेसिल विटसन आणि त्यांचे सहकारी १९५० च्या दशकात दूरचित्रवाणीचा उपयोग करू लागले. १९५९ मध्ये दोन्ही बाजूंनी दिसेल व ऐकू येईल अशी योजना त्यांनी वापरात आणली आणि तिच्यावरून गट-उपचार करून पाहिले. १९६४ साली ११२ मैलांवरील, म्हणजे सुमारे १८० किलोमीटर दूरच्या नॉरफोक येथील मनोरुग्णालय त्यांनी या योजनेला जोडले. तज्ज्ञ शहरात आणि रुग्ण लांबच्या गावात, ही अडचण तिथेही होती.

याच दशकातला आणखी एक प्रयोग शिक्षकांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. १९६६ साली अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत जोसेफ वायझेनबॉम यांनी 'एलायझा' नावाचा संगणक कार्यक्रम लिहिला. तो उपचारकाची नक्कल करी. माणसाचे वाक्य घेऊन त्यातले शब्द उलटसुलट करून प्रश्न विचारी. त्याला कळत काहीच नव्हते. तरीही वायझेनबॉम यांच्या स्वतःच्या सचिव बाई त्याच्याशी टंकलेखनाने बोलू लागल्या आणि थोड्याच वेळात त्यांनी वायझेनबॉम यांना खोलीबाहेर जायला सांगितले! पलीकडे माणूस नाही हे ठाऊक असूनही माणूस मन मोकळे करतो, हे पाहून वायझेनबॉम अस्वस्थ झाले. आज मोबाइलवर रात्री-अपरात्री बोलणारे संगणक कार्यक्रम मुलांच्या हाती आले आहेत. त्यामुळे मन मोकळे होणे आणि उपचार होणे यांतला फरक मुलांना समजावून सांगणे आता अधिक गरजेचे झाले आहे. उपचार करणारा माणूस आपल्या शब्दाची जबाबदारी घेतो आणि पुढच्या आठवड्यात आपली वाट पाहतो.

मोजून पाहिले तेव्हा

आता तुलनेकडे वळू. उपचार लागू पडतो तो कशामुळे? एडवर्ड बॉर्डिन या मानसशास्त्रज्ञाने १९७९ साली उपचारक व रुग्ण यांच्या नात्याचे तीन भाग सांगितले : कुठे पोचायचे यावर एकमत, त्यासाठी काय करायचे यावर एकमत, आणि दोघांमधला विश्वासाचा बंध. या तिन्हींत 'एकाच खोलीत बसणे' ही अट नाही. मग दुरूनही हे नाते जुळायला हवे. जुळते का?

२०१२ साली शिकागोतील डेव्हिड मोर व त्यांच्या सहकाऱ्यांनी नैराश्याच्या ३२५ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा यादृच्छिक पद्धतीने रुग्णांचे दोन गट पाडले होते. दोन्ही गटांना एकच उपचार : विचारांच्या व वागण्याच्या सवयी बदलण्यावर भर देणाऱ्या अठरा बैठका. एका गटाला समोरासमोर, दुसऱ्याला फोनवर. त्यात तीन गोष्टी दिसल्या.

पहिली, उपचार संपले तेव्हा दोन्ही गटांतील सुधारणा जवळजवळ सारखी होती. दुसरी, समोरासमोरच्या गटातील ३२.७ टक्के रुग्णांनी उपचार मध्येच सोडले, तर फोनच्या गटात हे प्रमाण २०.९ टक्के होते. तिसरी, सहा महिन्यांनी पुन्हा तपासले तेव्हा समोरासमोर उपचार घेतलेल्यांची स्थिती फोनवाल्यांपेक्षा काहीशी चांगली होती. सुधारलेले फोनवालेही होते, पण प्रत्यक्ष भेटीचा परिणाम अधिक टिकला होता.

वरच्या दुसऱ्या मुद्द्यापाशी मला त्या मुलाची तिसरी, न झालेली भेट आठवली. शिकागोतल्या लोकांनाही दर आठवड्याला जाणे जमत नव्हते! जो उपचार घेतलाच जात नाही, त्याची गुणवत्ता कितीही मोठी असली तरी त्याचा उपयोग शून्य.

२०१८ साली पेर कार्लब्रिंग आणि इतरांनी अशा २० अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यांत एकूण १४१८ जण होते. तिथे तुलना होती ती समोरासमोरच्या उपचारांची आणि इंटरनेटवरून दिलेल्या उपचारांची. इंटरनेटवरील उपचार म्हणजे लिखित धडे, गृहपाठ आणि बहुधा उपचारकाचे लेखी मार्गदर्शन. दोहोंच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही. एका अर्थाने पत्रच परत आले होते. मात्र आता त्याला पुढचा प्रश्न विचारण्याची सोय होती.

हे आकडे वाचताना सावधगिरीही हवी. अशा अभ्यासांत सहभागी होणारे लोक बहुधा स्वेच्छेने आलेले, वाचता-लिहिता येणारे आणि तातडीचा धोका नसलेले असतात. सर्व मनोविकारांना व सर्व माणसांना हेच निष्कर्ष लागू करता येत नाहीत.

वाटेत काय सांडते?

व्हिडिओवर चेहरा दिसतो, आवाज ऐकू येतो. मग कमी काय पडते?

एक कारण भौतिकशास्त्रातले आहे. २००९ साली दहा भाषांवर झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होण्यात सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग एवढेच अंतर असते. दूरसंचारातील आंतरराष्ट्रीय शिफारशीनुसार संदेश एका टोकाहून दुसरीकडे पोचायला १५० मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागू नये. डोंगराआडच्या गावात, कमकुवत नेटवर्कवर, हा वेळ सहज वाढतो. मग दोघे एकदम बोलू लागतात, दोघे एकदम थांबतात, आणि पलीकडच्याचे आपल्याकडे लक्षच नाही असे विनाकारण वाटू लागते.

दुसरे कारण नजरेचे. कॅमेरा पडद्याच्या वरच्या कडेला असतो आणि आपण पाहतो पडद्यावरच्या चेहऱ्याकडे. त्यामुळे दोघे एकमेकांकडे बघत असूनही नजरेला नजर भिडत नाही.

तिसरे कारण शरीराचे. थरथरणारे पाय, न विंचरलेले केस, हातावरचे व्रण, तोंडाला येणारा दारूचा वास यांतले बरेच काही चौकटीबाहेर राहते. रुग्ण अचानक जिवाचे बरेवाईट करायला निघाला, तर दूरचा उपचारक त्याचा हात धरू शकत नाही. म्हणून रुग्ण या क्षणी कुठे आहे आणि जवळचा विश्वासू माणूस कोण, हे पहिल्याच बैठकीत विचारून ठेवणे हा दूरस्थ उपचाराचा आवश्यक नियम ठरतो.

चौथे कारण मला आपल्याकडे सर्वांत महत्त्वाचे वाटते. दवाखान्याच्या खोलीला दार असते आणि ते लावता येते. दूरस्थ उपचारात ही खोली रुग्णाने स्वतः आणायची असते. एका खोलीचे घर, त्यात पाच माणसे, फोन वडिलांचा. असा मुलगा वडिलांविषयीची भीती कुठे बसून सांगणार? कर्व्यांना लिहिणाऱ्याला निदान पाकीट बंद करता येत होते.

अंतर कमी करण्याची आणखी एक रीत

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी सुरू झाली आणि त्याच तारखेला केंद्र सरकारने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. व्हिडिओ, आवाज व लिखित संदेश या तिन्ही मार्गांनी सल्ला देण्याला त्यामुळे नियमांची चौकट मिळाली. १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, 'टेलिमानस' ही राष्ट्रीय सेवा सुरू झाली. १४४१६ हा तिचा क्रमांक. सेवा विनामूल्य आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीतही बोलता येते. हा क्रमांक शाळेच्या फलकावर लिहून ठेवायला हरकत नाही.

पण उपचार जवळ आणण्याचा मार्ग यंत्रातूनच जातो असे नाही. गोव्यातील 'संगाथ' या संस्थेशी संबंधित संशोधकांनी २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. तेथील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतील मध्यम ते तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर सहा ते आठ बैठकांचे समुपदेशन देण्यात आले. समुपदेशक तज्ज्ञ नव्हते. प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसे होती. तीन महिन्यांनी या गटातील ६४ टक्के रुग्णांची लक्षणे ओसरली होती. फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. इथे अंतर कमी केले ते तारेने नव्हे, तर गावातल्याच माणसाला शिकवून.

वर्गात करून पाहण्याजोगा प्रयोग

नववी-दहावीच्या मुलांच्या जोड्या करा. 'काल शाळेतून घरी जाताना काय घडले' असा साधा विषय द्या; खाजगी विषय देऊ नका. एकाने तीन वेळा सांगायचे : प्रथम चिठ्ठी लिहून, मग पाठीला पाठ लावून बोलून, शेवटी समोरासमोर. प्रत्येक वेळी ऐकणाऱ्याने तीन गोष्टी टिपायच्या : मला काय कळले, कोणता प्रश्न विचारावासा वाटला, सांगणाऱ्याला कसे वाटत होते. शेवटी सांगणाऱ्यांना विचारा, कोणत्या प्रकारात सांगणे सोपे गेले? सगळे 'समोरासमोर' म्हणतील असे गृहीत धरू नका.

त्या शिक्षकांना मी जे कळवले ते थोडक्यात असे : फोनवरचा उपचार खरा आहे, गप्पा नव्हेत. साध्या व मध्यम त्रासांसाठी तो प्रत्यक्ष भेटीच्या जवळपास पोचतो. पहिल्या एकदोन भेटी समोरासमोर झाल्या असतील तर उत्तमच. धोक्याची लक्षणे दिसली, औषधाची गरज भासली किंवा बोलणे पुढे सरकेनासे झाले, तर मात्र प्रवास करायलाच हवा. आणि वडिलांना हेही सांगा की निवड फोन व भेट यांच्यात नाही. ती फोन आणि काहीच नाही यांच्यात आहे.

त्यांनी आणखी एक गोष्ट केली, जी मला सुचली नव्हती. आईवडिलांची संमती आणि मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन त्यांनी दर बुधवारी शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेशेजारची साहित्याची खोली उघडी ठेवायला सुरुवात केली. आत एक स्टूल, एक टेबल आणि शिक्षकांचा स्वतःचा मोबाइल. पाऊण तास दार आतून बंद असते. शिक्षक बाहेर व्हरांड्यात वह्या तपासत बसतात, आवाज ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर. महिन्यातून एकदा मुलगा आईबरोबर पनवेलला समुपदेशकांकडे जाऊन येतो. या वेळापत्रकात आतापर्यंत एकही बुधवार चुकलेला नाही.